मापं काढणं थांबवा : शिकारविरोधी मोहिमेच्या कार्यकारिणीला खुलं पत्र

कार्यकारिणीतल्या सगळ्या मित्रमैत्रिणींनो,

सप्रेम नमस्कार.

गेल्या महिन्याच्या बैठकीत तुम्ही नवं पोस्टर मंजूर केलंत. मेलेल्या सिंहाच्या पाठीवर पाय ठेवून एक माणूस उभा आहे. हातातली बंदूक त्याच्या दुप्पट उंचीची. माणूस इतका बुटका, की पाय सिंहाच्या पाठीपर्यंत पोचावा म्हणून चित्रकाराने त्याच्या दुसऱ्या पायाखाली खोकं दिलंय. खाली ठळक अक्षरांत ओळ : 'बंदूक जेवढी लांब, पुरुष तेवढाच आखूड.' आखूड काय, हे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पडद्यावर ते चित्र आलं तेव्हा सगळी खोली हसली. मी हसलो नाही, पण बोललोही नाही, आणि त्याचं मला अजून वाईट वाटतं. नंतर दोनदा लेखी कळवलं. पहिल्यांदा 'नोंद घेतली आहे' एवढं उत्तर आलं, दुसऱ्यांदा तेही आलं नाही. आता पोस्टर छापून भिंतींवर लागलंय. ते सगळ्यांसमोर आहे, म्हणून माझं म्हणणंही सगळ्यांसमोर ठेवतो आहे.

मी या मोहिमेत अकरा वर्षं आहे. शौकासाठी जनावर मारणं चूक आहे हे माझं मत तुमच्याइतकंच पक्कं आहे आणि या पत्रानंतरही ते तसूभर हलणार नाही. हे आधीच सांगतो, कारण 'अशा पत्राचा फायदा शिकारवाले घेतील' अशी भीती तुमच्यापैकी एकाने माझ्याजवळ बोलून दाखवली. घेऊ देत. चूक आपली असेल तर ती आपण स्वतः सांगितलेली बरी.

माझी उंची पाच फूट एक इंच आहे. शाळेत उंचीप्रमाणे रांग लागायची तेव्हा मी सगळ्यांत पुढे असायचो आणि मागून नावं यायची : टिंगू, बुटबैंगण. अंगाने बारीक होतो म्हणून काडीपैलवान आणि पाप्याचं पितर. ही नावं ज्यांना पडली नाहीत त्यांना ती गमतीची वाटतात. ज्याला पडतात तो आरशासमोर किती वेळ उभा राहतो, दुकानात बुटांची टाच किती जाड आहे ते कसं गुपचूप बघतो, फोटो काढताना पायरी कशी शोधतो, हे तो कुणाला सांगत नाही.

एकोणीस वर्षांचा होतो तेव्हा ओळखीतली काही मोठी माणसं रात्री जीप घेऊन सशांच्या मागे जायची. एकदा मीही मागे बसलो. 'याला कशाला आणलं? बार उडाला की ससा राहील जागेवर आणि हाच उडेल.' सगळे हसले. मग कुणीतरी अजून एक वाक्य म्हटलं, ते तुमच्या पोस्टरवरच्या ओळीचंच भावंड होतं. मी बंदूक मागून घेतली. ससा दिव्याच्या झोतात थिजून बसला होता. छर्रे त्याच्या मागच्या पायांना लागले. ससा ओरडतो हे मला तोवर माहीतच नव्हतं. एरवी गप्प असणारा हा प्राणी जखमी झाला की किंचाळतो, आणि ते किंचाळणं तान्ह्या मुलाच्या रडण्याच्या इतकं जवळचं असतं की अंगावर काटा येतो. तो पुढच्या दोन पायांवर स्वतःला ओढत होता. एकाने उतरून त्याला संपवला. माझ्या पाठीवर थाप पडली : 'आता शोभतोस.' ती थाप मला आवडली. लपवत नाही, दोन दिवस आवडली. आवाज मात्र कानातून गेला नाही, आणि पुढे कधीतरी त्या आवाजानेच मला तुमच्या दारात आणून उभं केलं.

माझी उंची काढून कुणी माझी शिकार सोडवली नाही. उंची काढल्यामुळे मी बंदूक उचलली होती. एवढं तरी मी स्वतःच्या अनुभवातून खात्रीने सांगू शकतो.

आता तक्रारी सांगतो.

पहिली ही, की या पोस्टरमधून सिंह नाहीसा झालाय. तो चित्रात आहे, पण माणसाच्या पायाखालचा पाट म्हणून. बघणारा माणसाकडे बघतो, हसतो आणि पुढे जातो. हे आपल्याकडून आजच होतंय असं नाही. २०१५च्या जुलैमध्ये झिंबाब्वेत ह्वांगे राष्ट्रीय उद्यानाच्या हद्दीबाहेर सेसिल नावाचा सिंह मारला गेला. तेरा वर्षांचा नर, गळ्यात ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी अभ्यासासाठी बसवलेला जीपीएस पट्टा. आमिष लावून त्याला जवळ आणलं, बाणाने घायाळ केलं, आणि तो मेला तो दहा-बारा तासांनी, असा त्याचा अभ्यास करणाऱ्यांचा अंदाज आहे. जगभर संताप उसळला. मारणारा परदेशी दंतवैद्य होता. लोकांनी त्याच्या दवाखान्याच्या दाराशी खेळण्यातले सिंह आणून ठेवले. त्या दिवसांत आपण काय लिहीत होतो ते आठवा. मी आपल्याच लोकांचं लिहिलेलं वाचलं आहे : त्याच्या लिंगाबद्दल, त्याच्या दंडाबद्दल, तो कशाची भरपाई करतोय याबद्दल. बाण लागल्यापासून मरेपर्यंतच्या त्या दहा-बारा तासांबद्दल आपल्यापैकी किती जणांनी लिहिलं? पुढे झिंबाब्वे सरकारने सांगितलं की शिकाऱ्याचे कागद नियमाप्रमाणे होते, त्याच्यावर खटला होणार नाही. कागद नियमाप्रमाणे असू शकतात, हीच खरी धक्कादायक गोष्ट होती. परवाना कोण देतं, कशाच्या आधारावर देतं, मुंडकं आणि कातडं कोणत्या देशात कोणत्या परवान्यावर उतरतं, हे विचारायची तेवढी मोठी संधी पुन्हा आलेली नाही. आपण ती एका माणसाच्या विजारीत शिरून घालवली.

दुसरी तक्रार मला सगळ्यांत जास्त टोचते. ज्या फूटपट्टीने शिकारी जनावर मोजतो, तीच तुम्ही उचलली आहे.

शौकाच्या शिकारीत माप हाच आत्मा आहे. लंडनच्या रोलंड वॉर्ड यांनी १८९२ मध्ये शिंगांच्या आणि वजनांच्या नोंदींचं पुस्तक काढलं, आणि कुणाचं शिंग किती इंच याची ती नोंद आजपर्यंत चालू आहे. अमेरिकेत, पुढे राष्ट्राध्यक्ष झालेले थिओडोर रूझवेल्ट आणि त्यांच्या सोबत्यांनी १८८७ मध्ये स्थापलेल्या बून अँड क्रॉकेट क्लबने १९५० मध्ये गुण देण्याची पद्धत ठरवली. शिंगं साठ दिवस वाळू द्यायची, मग इंचाच्या आठव्या भागापर्यंत मोजायची, बेरीज करायची, यादीत नाव घालायचं. फोटोचंही एक तंत्र आहे. शिकारी जनावराच्या मागे चार पावलं सरकून बसतो आणि कॅमेरा खाली, जनावराच्या तोंडाजवळ धरतात. मग जनावर आहे त्याहून मोठं दिसतं आणि माणूस लहान. म्हणजे त्या फोटोत तो स्वतःहून लहान होऊन बसतो. तुमच्या चित्रकाराने नेमकं तेच चित्र काढलंय.

मोठं ते भारी, लांब ते भारी, भारदस्त ते मारण्याजोगं. या एका समजुतीने जनावरांचं काय झालं ते बघा. कॅनडाच्या अल्बर्टा प्रांतात रॅम माउंटन नावाच्या डोंगरावर मोठ्या शिंगांच्या रानमेंढ्यांचा तीस वर्षं अभ्यास झाला. नियमाप्रमाणे ठरावीक वळणापर्यंत शिंग वाढलेला नरच मारता यायचा. त्यामुळे ज्यांची शिंगं लवकर आणि जोमाने वाढायची ते, पुरेशी पिल्लं मागे ठेवण्याआधीच, गोळीला बळी पडायचे. उरले ते आखूड शिंगांचे, हलक्या अंगाचे, आणि पुढच्या पिढ्या त्यांच्या झाल्या. कळपातल्या नरांची शिंगं आणि वजन दोन्ही घटत गेल्याचे निष्कर्ष २००३ मध्ये 'नेचर' या विज्ञानविषयक नियतकालिकात प्रसिद्ध झाले. मोझांबिकमधल्या गोरोंगोसा राष्ट्रीय उद्यानाची गोष्ट शौकाच्या शिकारीची नाही, हस्तिदंतासाठी केलेल्या कत्तलीची आहे, पण तिची वाट तीच. १९७७ ते १९९२च्या यादवी युद्धात तिथले नव्वद टक्क्यांहून जास्त हत्ती संपले. सुळे असलेले मेले, सुळ्यांशिवाय जन्मलेल्या माद्या वाचल्या. युद्धाआधी अशा माद्या साधारण १८ टक्के होत्या, युद्धानंतर जवळपास ५१ टक्के. सुळे नसण्याचा हा गुण मादीला आईकडून मिळतो. तोच गुण नराच्या वाट्याला आला तर तो गर्भातच दगावत असावा, असं २०२१ मध्ये संशोधकांनी दाखवलं. सुळ्यांनी हत्ती साल सोलतो, मुळं उकरतो, पाण्यासाठी जमीन खणतो. माणसाच्या डोळ्यांत भरला म्हणून त्याचा हा अवयव त्याच्यासाठी मरणाचं निमित्त ठरला.

हे सगळं मी तुमच्याच कार्यशाळांमध्ये शिकलो. मोठ्या मापाच्या हव्यासाविरुद्ध बोलणारी आपली मोहीम, आणि तिच्याच पोस्टरवर 'तुझं माप कमी आहे' हा आरोप. शिकारी म्हणतो, माझ्या भिंतीवरचं शिंग बघ किती लांब. आपण म्हणतो, तुझं स्वतःचं दाखव. दोघांचं एकमत आहे की लांबीवर माणसाची किंमत ठरते.

रूझवेल्टांचं नाव आलंच आहे तर एक गोष्ट सांगतो. १९०२ मध्ये मिसिसिपीत शिकारीला गेले असताना सोबत्यांनी एक अस्वल पकडून, मारहाण करून, झाडाला बांधून ठेवलं आणि त्यांना गोळी झाडायला बोलावलं. त्यांनी नकार दिला. हे खिलाडूपणाचं नाही म्हणाले. त्यावर व्यंगचित्र निघालं, त्या व्यंगचित्रावरून 'टेडी बेअर' हे खेळणं आलं. पण त्याच वेळी, ते जखमी अस्वल मारून टाका असंही त्यांनीच सांगितलं आणि ते सुऱ्याने मारलं गेलं. त्या सगळ्या प्रसंगात काळजी होती ती शिकाऱ्याच्या इभ्रतीची. एकशे वीस वर्षांनंतर आपल्या पोस्टरवरही विषय शिकाऱ्याची इभ्रतच आहे, फक्त ती वाचवायच्या ऐवजी घालवायची आहे. अस्वल तेव्हाही मेलं आणि सिंह आत्ताही मरतोय.

तिसरी तक्रार थोडक्यात. पोस्टर खोटं आहे. शौकाची शिकार उंच माणसं करतात, धिप्पाड करतात, बायकाही करतात आणि मुंडक्यांसोबत फोटोही काढतात. त्यांच्याबद्दल तुमची ओळ काय म्हणणार? रूझवेल्ट लहानपणी दम्याने बेजार होते, व्यायाम करून त्यांनी अंग कमावलं, आणि १९०९-१० मध्ये आफ्रिकेत त्यांनी आणि त्यांच्या मुलाने मिळून ५१२ जनावरं मारली. या दोन गोष्टींत दुवा असेलही. पण ते ५१२ जीव मारणं चूक होतं ते त्यांना दमा होता म्हणून नव्हे. निरोगी, सहा फुटी माणसाने ते केलं असतं तर काय वेगळं झालं असतं?

चौथी तक्रार : हे पोस्टर कुणाला लागतंय ते तुम्ही पाहिलं नाहीत. परदेशी जाऊन लाखो मोजणारा शिकारी ते बघणार नाही, बघितलं तरी खांदे उडवेल. ते बघतात आपले स्वयंसेवक. त्यांत सोळा-सतरा वर्षांची मुलं आहेत. पोस्टरचे गठ्ठे सोडताना एक मुलगा माझ्या शेजारी होता. माझ्याइतकाच असेल. बाकीच्यांनी चित्रातल्या माणसाकडचं बोट त्याच्याकडे वळवलं. तो हसला, गठ्ठा पूर्ण सोडला, आणि नंतर आलाच नाही. त्याने कारण सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. त्या हसण्याचं कारण मला ठाऊक आहे.

मी स्वतः काय केलं तेही सांगतो. त्या सशाच्या रात्रीनंतर वर्षभराने व्यायामशाळेत जायला लागलो. तिथल्या प्रशिक्षकाने आधी पावडर दिली, मग इंजेक्शनं. सात महिने घेतली. दंड भरले, शर्ट तंग झाले, पाठभर मुरुमं उठली, रात्री छाती धडधडायची. शेवटी डॉक्टरांकडे गेलो. रक्ताचे रिपोर्ट बघून ते एवढंच म्हणाले, 'पुढे मूल हवंय ना?' बाहेरून हार्मोन आलं की शरीर आपलं हार्मोन बनवणं थांबवतं. वृषणं आक्रसतात, शुक्राणू जवळजवळ थांबतात, हृदयाचा स्नायू जाड होत जातो. पुरुष दिसण्यासाठी घेतलेल्या औषधाने असं होतं. मला सावरायला दीड वर्ष लागलं. बरोबरच्या एकाला अजून गोळ्या घ्याव्या लागतात.

हा आजार आहे आणि त्याला नाव आहे. पिळदार शरीर असूनही आरशात स्वतःला किरकोळच बघणाऱ्या पुरुषांवर अमेरिकेतले मानसोपचारतज्ज्ञ हॅरिसन पोप आणि सहकाऱ्यांनी १९९३ मध्ये लिहिलं, १९९७ मध्ये त्याला 'मसल डिस्मॉर्फिया' नाव मिळालं आणि २०१३ पासून मानसिक आजारांच्या अमेरिकी नियमावलीत तो देहविषयक भ्रमाचा एक प्रकार म्हणून नोंदला जातो. उंचीचंही तसंच. सायबेरियातल्या कुर्गान शहरात डॉ. इलिझारोव यांनी मोडलेली, वाकडी, आखूड झालेली हाडं लांबवण्याचं तंत्र अपंग रुग्णांसाठी बसवलं. आज धडधाकट पुरुष पायाची चांगली हाडं कापून घेतात आणि दिवसाला साधारण एक मिलिमीटर या गतीने ती लांबवत महिनोन्‌महिने वेदनेत काढतात. चार बोटं उंची मिळावी म्हणून.

आणि पोस्टरवरच्या 'आखूड'बद्दल उघडच बोलतो, कारण ती ओळ तुम्ही छापली आहे. २०१५ मध्ये लंडनच्या किंग्ज कॉलेजमधल्या संशोधकांनी आधीच्या अभ्यासांतली १५,५२१ पुरुषांची मापं एकत्र केली. ही मापं आरोग्यसेवकांनी घेतलेली होती, कुणी स्वतः सांगितलेली नव्हती. ताठ लिंगाची सरासरी लांबी १३.१२ सेंटिमीटर निघाली. हा खटाटोप त्यांनी केला तो घाबरलेल्या पुरुषांना धीर द्यायला. वाढवायची शस्त्रक्रिया मागायला येणाऱ्या बहुतेकांचं माप सामान्यच असतं. त्यांना कमी वाटत असतं, कारण जन्मभर कुणी ना कुणी हसत आलेलं असतं. तिकडे डॉक्टर लोक ही भीती उतरवायला झटतात आणि इकडे प्राण्यांच्या नावाने आपण ती चढवतो.

या भीतीचं पुढे काय होतं, हे तर आपल्याला इतरांपेक्षा जास्त माहीत असायला हवं. वाघाचं लिंग वाळवून मर्दानगीचं औषध म्हणून विकलं जातं. हाडांपासून दारू बनते, तीही ताकदीच्या नावाने. जे गिऱ्हाईक ते विकत घेतं त्याला कुणीतरी सांगितलेलं असतं की तू कमी आहेस. आपण तेच सांगितलं तर आपण कुणाचं काम करतोय?

पाचवी तक्रार : टोमणा हाताशी असला की युक्तिवादाचे कष्ट घ्यावेसे वाटत नाहीत. शिकारीच्या बाजूने बोलणाऱ्यांमध्ये मूर्ख आहेत तसे शहाणेही आहेत, आणि शहाण्यांचं म्हणणं सोपं नाही. नामिबियात १९९६च्या कायद्याने गावांच्या सामूहिक संवर्धन क्षेत्रांना वन्यजीवांपासून उत्पन्न घेण्याचा हक्क मिळाला, आणि त्या उत्पन्नात शिकारीचा वाटा मोठा आहे. बोत्सवानाने २०१४ मध्ये शिकार बंद केली आणि २०१९ मध्ये पुन्हा उघडली. ज्यांच्या शेतात हत्ती घुसतात त्यांचा दबाव होता. केनियात मात्र १९७७ पासून शौकाची शिकार बंद आहे. ज्याची गाय सिंहाने नेली त्या माणसाला 'शिकारी बुटका आहे' हे ऐकून काय मिळणार? त्याला नुकसानभरपाई लागते, कुंपण लागतं, पर्यटनाच्या पैशात हिस्सा लागतो. शिकारीचा पैसा नको म्हणणाऱ्यांनी त्या बदल्यात काय उभं करणार ते सांगितलं पाहिजे. हे आपलं काम आहे आणि आपण ते अर्धवट केलं आहे.

पोटासाठी मारणाऱ्यालाही आपण या चित्रात ढकलतो. आर्क्टिकमधला इन्युइट सील मारतो तेव्हा त्याच्या घरात खायला येतं. कलाहारीतला सान शिकारी तासन्‌तास माग काढतो तो भिंतीसाठी नव्हे. त्यांच्या शिकारीबद्दल वेगळी चर्चा होऊ शकते, पण माझा आक्षेप मारण्यातच आनंद शोधणाऱ्यावर आहे. एखाद्या जिवाला स्वतःचं जगणं असतं, वेदना असतात, तो सोबत्यांना ओळखतो. हे सगळं माहीत असून, गरज नसताना, बरं वाटावं म्हणून ते संपवायचं, हे मला अमान्य आहे. आणि एकच जीव जातो असंही नाही. कळपाचा नर सिंह मारला की बाहेरचे नर येतात आणि आधीची पिल्लं मारून टाकतात, म्हणजे एका मुंडक्यामागे किती गेले ते कुठल्याच नोंदवहीत येत नाही. दक्षिण आफ्रिकेत हजारो सिंह पिंजऱ्यात वाढवले जातात, अंदाजे आठ ते बारा हजार, आणि त्यांतले कित्येक कुंपणाच्या आत, पळायला जागा नसताना, पैसे भरलेल्या पाहुण्याकडून मारले जातात. हा धंदा बंद करा अशी शिफारस तिथल्याच सरकारी समितीने केली आणि ती २०२१ मध्ये जाहीर झाली. ही माहिती छापायला पोस्टरवर जागा नव्हती का? सहा शब्दांच्या ओळीऐवजी 'या सिंहाला पळायला जागा नव्हती' एवढं लिहिलं असतं तरी लोक थांबले असते.

माझ्या मागण्या अशा आहेत.

हे पोस्टर मागे घ्या. भिंतींवरचे उतरवा, उरलेले गठ्ठे नष्ट करा, आणि का मागे घेतलं ते दोन ओळींत जाहीर करा. गुपचूप काढून टाकलंत तर काढण्याचा अर्थ राहणार नाही.

आपल्या कुठल्याही छापील किंवा बोललेल्या मजकुरात कुणाची उंची, वजन, दंड, टक्कल किंवा लिंग यांचा उल्लेख हिणवण्यासाठी होणार नाही, असा ठराव करा. शिकाऱ्याचाही होणार नाही. त्याने केलेलं कृत्य सांगा, तारीख सांगा, परवाना कुणी दिला ते सांगा, जनावर किती वेळ तडफडलं ते सांगा.

पुढचं पोस्टर जनावराबद्दल असू द्या. मजकूर लिहायला मी तयार आहे.

शाळा-महाविद्यालयांत आपण मुलांशी शिकारीबद्दल बोलतो तेव्हा अर्धा तास या विषयालाही द्या : तुला कुणी काय नाव ठेवलं, आणि ते पुसायला तू काय काय केलंस. सशाची गोष्ट मी सांगेन. इंजेक्शनची पण सांगेन. आजवर ती मी फक्त माझ्या बायकोला सांगितली होती.

आणि तो जो मुलगा येईनासा झाला, त्याला तुमच्यापैकी कुणीतरी जबाबदार माणसाने भेटा. माझ्याकडून निरोप नको, तुम्ही स्वतः जा.

पुढच्या बैठकीच्या विषयपत्रिकेवर हे पत्र घ्यावं, एवढी विनंती. मी हजर असेन आणि या वेळी बोलेन. पोस्टर उतरवायचं ठरलं, तर शिडी धरायला आणि चढायलाही मी येतो.

तुमचा,
अकरा वर्षं सोबत असलेला एक कार्यकर्ता